प्रवासास हरकत नाही

सोमवार, ६ तारीख

पोचले एकदाची. खोली छान आहे, खिडकी मोठी आहे आणि नळाला गरम पाणी येतं, म्हणजे मी निम्मं जग जिंकलं. सोबतीला एक फार्मसीवाली आहे. तिचं बोलणं सुरू झालं की थांबायचं नाव नाही, म्हणून मनातल्या मनात मी तिचं नाव रेडिओ ठेवलंय. वर्गात नर्सा, फार्मसीवाले आणि दोन-तीन कोवळे डॉक्टर अशी आमची खिचडी आहे. विषय एकच, प्रवाशांचं आरोग्य. लांब निघालेल्या माणसाला कुठल्या लसी द्यायच्या, डासांपासून आणि पाण्यापासून कसं जपायला सांगायचं, आणि परत आल्यावर ताप चढला तर काय काय विचारायचं.

कोर्स पुरा झाला की आमच्या हॉस्पिटलात प्रवाशांची वेगळी ओपीडी निघणार आणि ती मी सांभाळणार. म्हणजे रात्रपाळी बंद. माझी लेक भिंगरी सहा वर्षांची झाली तरी तिला थोपटून झोपवलं अशा रात्री माझ्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतक्याच आल्या. नवरा सध्या कामासाठी दुसऱ्या शहरात, त्यामुळे घरी ती आणि सासूबाई दोघीच. निघताना भिंगरी रडली नाही, उलट मलाच म्हणाली, नीट अभ्यास कर. बसमध्ये मी मात्र भरपूर रडून घेतलं.

बुधवार, ८ तारीख

आजपासून खोटे पेशंट सुरू झाले. हॉलमध्ये पडदे लावून कप्पे केलेत. प्रत्येक कप्प्यात एक माणूस आजारी असल्याचं किंवा प्रवासाला निघाल्याचं सोंग घेऊन बसतो आणि आपण त्याला तपासायचं. एका आजोबांनी हिवताप इतका झोकात केला की टेबलावरचा चहा सांडला. रेडिओ खरंच घाबरून पाणी आणायला धावली. आम्ही पोट धरून हसलो.

मोठ्या मॅडम कडक आहेत. त्यांचे नियम दोनच. पहिला, धडधाकट माणसाचा ताप मोजलात तर यंत्र धडधाकट आकडाच दाखवणार. म्हणून यंत्राकडे लक्ष द्यायचं नाही, पेशंट तोंडाने जो आकडा सांगेल तोच खरा धरायचा. दुसरा, पेशंटला लटकत ठेवायचं नाही. प्रवासाला जा किंवा जाऊ नका, यातलं एक स्पष्ट म्हणायचं आणि मगच उठायचं.

गुरुवार, ९ तारीख

आज माझी पाळी. पुढचे कप्पे भरलेले होते, म्हणून मी अगदी शेवटच्या कप्प्यात शिरले. एक बाई आधीच बसली होती. वय चाळिशीच्या आसपास, करडा कोट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, पायाशी लहानशी बॅग. भूमिकेत इतकी मुरलेली की पापणीसुद्धा हलवत नव्हती. आजोबांना मागे टाकणार, असं मला वाटलं.

ताप मोजला तर यंत्रावर आकडाच येईना. तिने शांतपणे सांगितलं की ताप नाही, मी मान डोलावली. नाडी धरली तर नाडी सापडेना. हात बर्फासारखा गार. मी खजील झाले, मॅडम बघत असतील म्हणून बोटं उगाच तशीच धरून ठेवली. तिने नाडीचा आकडा सांगितला आणि मी तो खरा धरला.

कुठे जाणार विचारलं तर म्हणाली, खूप दिवसांपासून निघायचंय पण ठिकाणच मिळत नाही. पेशंटशी मोकळं बोला, आपलं काही सांगा म्हणजे तोही खुलतो, असं आम्हाला शिकवलंय. मग काय, माझी टकळी सुरू झाली. पाण्याच्या टाकीमागची आमची गल्ली सांगितली, निळं दार सांगितलं, भिंगरी सांगितली, तिचा पडलेला दातसुद्धा सांगितला. बाई फार मन लावून ऐकत होती. कोणाबरोबर जाणार, हा नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा म्हणाली, जाताना एकटी, येताना सोबत असेल.

मी ठरलेलं वाक्य म्हटलं की प्रवासास हरकत नाही, खुशाल निघा. तिने बॅग उचलली आणि निघाली. जाताना हसली. मला ते हसणं आवडलं नाही, का ते सांगता येत नाही.

शुक्रवार, १० तारीख

मॅडमनी वर्गात कौतुक केलं. कप्पा रिकामा असतानाही मी एकटी बसून मोठ्याने सराव करत होते, अशी जिद्द हवी म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी वेड्यासारखी उभी राहिले. मग हळूच आजोबांना गाठलं. ते म्हणाले की शेवटच्या कप्प्यात कुणालाच बसवत नाहीत, आणि सोंग घेणाऱ्यांत करड्या कोटाची बाई कुणी नाही.

मी घरी फोन केला. सगळं ठीक आहे. भिंगरीला गणितात पैकीच्या पैकी. प्रवासाने आणि जागरणाने डोकं चालत नसेल, असं रेडिओचं मत. तसंच असू दे.

शनिवार, ११ तारीख

भिंगरीचा फोन. शाळेच्या फाटकासमोर एक मावशी उभी होती, तिने हात केला. कोट घातला होता. मावशीला आपलं नाव माहीत आहे, असं भिंगरी मोठ्या खुशीत सांगत होती. मी फोन आजीला द्यायला लावला. सासूबाईंना सांगितलं, तिला बाहेर पाठवू नका, दार उघडू नका. त्या म्हणाल्या, अगं, कोर्स करतेयस की भुतं बघतेयस.

तशीच मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. मला वाटलं झाडतील. त्या खुर्चीत बसल्या आणि सांगू लागल्या. शिकत असताना त्यांच्याकडेही ती आली होती. हात गार लागला, नाडी लागेना, तेव्हा त्यांनी तिला जाऊ नका असं स्पष्ट सांगितलं आणि तिथून पळाल्या. नंतरही अधूनमधून कुणाकडे तरी यायची, आणि तो शेवटचा कप्पा वापरायचं बंद केल्यावर आली नव्हती.

"सगळे तिला नाहीच म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "नाडी नसलेल्या माणसाला कोण हो म्हणेल? तू काय म्हणालीस?"

मी सांगितलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यंत्राकडे बघू नका हा नियम त्यांनी याच वर्षी केला होता. आणि मी, इतकी वर्षं नाड्या धरणारी बाई, मी माझ्या बोटांवर विश्वास ठेवला नाही. येताना सोबत असेल, असं ती म्हणाली होती. तेव्हा मला तो तिचा संवाद वाटला होता.

रविवार, १२ तारीख

सकाळची पहिली बस. घराकडे निघालेय.

थांब्यावरून फोन केला. सासूबाईंनी उचलला. तुझ्या कोर्समधली बाई आलीय, जिन्यात बसलीय, फार सभ्य आहे म्हणाल्या. दाराआडूनच बोलले, उघडलं नाही. भिंगरीच्या सगळ्या लसी झाल्यात का, असं विचारत होती. मी हो सांगितलं, म्हणाल्या.

बस हलत नाही. पुढे रस्ता खणलाय. मी ड्रायव्हरला हात जोडले. तो म्हणाला, ताई, उडून जाऊ का?

फोन आता लागत नाही —

सोमवार, १३ तारीख, दुपार

घरी. रात्र रस्त्यातच गेली, आले तेव्हा जिना रिकामा होता. भिंगरी आहे. आहे. कडेवरून खाली ठेवलीच नाही. सासूबाई आत, देवासमोर. तिचा गार हात त्यांनाही लागला तेव्हा त्यांना पटलं. दाराच्या फटीतून पाण्याचा पेला दिला होता त्यांनी तिला.

हातात पेन असलं की डोकं ताळ्यावर राहतं. म्हणून लिहितेय.

ती आता परत दाराबाहेर आहे. मी आतून ओरडले, तुम्ही प्रवास करू शकत नाही, मी सांगते, जाऊ नका. तेच वाक्य परत परत. घसा बसेपर्यंत.

"तेव्हा म्हणायचं होतं," ती म्हणाली. "आता मी परत निघालेय."

भिंगरीने स्वतःच स्वेटर घातला. उकडतंय तरी. मी काढला. तिने पुन्हा घातला. मावशीने सांगितलंय म्हणते, तिथे थंडी असते. कधी सांगितलं? दार बंद आहे. दार बंदच होतं —

नंतर

मी ठरवलं. तिला सोबत हवी ना. मी येते म्हटलं. दार उघडून बाहेर आले, पाठीमागे ओढून घेतलं, पाठ लावून बसलेय. ती समोर पायरीवर. बॅग मांडीवर.

ती म्हणाली, आधी तपासायला हवं.

माझं मनगट धरलं. गार. खूप वेळ धरलं. मान डोलावली.

मग प्रश्न. माझ्यासारखेच, त्याच क्रमाने, त्याच आवाजात. आधीचे आजार? नाहीत. लसी? झाल्या. किती दिवस? तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

घरी कोण कोण? सासूबाई, नवरा, मुलगी. मुलगी घरीच राहणार, म्हटलं. लिहून ठेवतेय, मुलगी घरीच राहणार.

कोणाबरोबर जाणार?

एकटी. मी म्हटलं एकटी. एकटी. एकटीच जाणार, माझ्याबरोबर कुणी —

पाठीमागे कडी वाजली. सासूबाई, धरा तिला — दार पाठीला ढकलतंय, लहान हाताने, हळू —

आई सरक ना, मी पण