बारापैकी बारा

आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा
११ डिसेंबर २०२२

प्रिय रीता,

पास झाल्या! बारापैकी बारा! आधी एवढं वाच, मग पत्र फाडायचं तर खुशाल फाड. दीड वर्ष तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले आहे. विमानाच्या पंखातली तीच हातभर लांब बरगडी, जिचे पहिले बारा नग वाकडे निघून भंगारात गेले आणि त्यांच्यामागे तूही गेलीस. या खेपेला गिऱ्हाइकाने शेवटची संधी दिली होती. हेही बिघडलं असतं तर भंडाऱ्याच्या आपल्या कारखान्यात विमानाचं काम पुन्हा आलं नसतं आणि आपण परत पंपाची झाकणं कापत बसलो असतो.

गेल्या सोमवारी शेवटचा नग तपासणीच्या टेबलावर होता. मशीनचं टोक एकेका जागी टेकत होतं आणि तुझ्याशी रोज हुज्जत घालणारा ऑपरेटर डोमा चक्क डोळे मिटून उभा होता. पडद्यावरचे सगळे आकडे हिरवे आले तसा ओरडला, "एकदम सिधी हाय ना वं मॅडम!" आपले मधुकरराव, उत्पादनाचे साहेब, ज्यांचे दात अजून कुणी पाहिले नव्हते, त्यांनी सगळ्या पाळीला पेढे वाटले आणि साखरेचं पथ्य असताना स्वतः दोन खाल्ले. मी मात्र हात धुवायच्या निमित्ताने बाहेर जाऊन रडून घेतलं. आनंद होताच गं, पण सगळं रडू आनंदाचं नव्हतं.

लाखांदूरला तुझ्या घरी आले होते तेव्हा तुझ्या आईने विचारलं होतं, विमानाचं नेमकं काय करता तुम्ही पोरी? तू म्हणालीस, "इमान नाही बनवत वं माय, ते कसं कापाचं ते लिहितो." किती हसलो होतो! पण आपलं काम खरंच तेवढंच, आणि तेवढंच अवघड. अकरा किलोच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पाऊण किलोची बरगडी काढायची. तर ठोकळा कुठे पकडायचा, आधी काय कापायचं, कुठे थांबायचं, हे मशीन सुरू होण्याआधी कागदावर मांडायचं. तू ते मन लावून मांडायचीस. मी भराभर मांडायची.

त्याच दिवसांत तू एकदा आमच्याकडे आंधळगावला राहिलीस. संध्याकाळी बाबा काम आटोपून मागावरचा उभ्या सुताचा ताणा ढिला करत होते. मी जन्मभर ते बघत आले, मला त्यात काय नवल! तू मात्र विचारलंस, गोपाळकाका, हे कायले सोडता? बाबा म्हणाले, "रातभर ताणून ठेवलं त सकाळी सूत तुटते, बाई. त्याले बी बसू द्या लागते." तू जेवतानाही मागाकडेच बघत होतीस. दुसऱ्या दिवशी बरगडीच्या कागदावर एक ओळ वाढली: दोन मिलिमीटर माल शिल्लक ठेवून पकड सोडावी, नग एक दिवस मोकळा ठेवावा, आतल्या ताणाने वाकायचा तेवढा वाकू द्यावा, मग तळ पुन्हा सपाट करून अलगद पकडून शेवटचा हात द्यावा.

आता मन घट्ट करून लिहिते. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तू घाईघाईत लाखांदूरची एसटी पकडलीस आणि कागद तपासायला माझ्याकडे आला. ती ओळ मी काढली. मुदत जवळ होती, प्रत्येक नगामागे एक दिवस जाणार होता, हे खरं. पण त्याहून खरं हे, की मला लाज वाटली. त्या मागाच्या खटखटीतून सुटायला मी शिकले, आणि बाबांचा ताणा विमानाच्या कागदावर आलेला बघून लोक हसतील असं मला वाटलं. तू परतलीस तेव्हा बारा नग वाकले होते, आणि कागदावर तयार करणारी म्हणून तुझं नाव होतं. तू मला विचारलंस, "माह्याच्यानंच लिहाचं रायलं काय वं, रेणू?" मी म्हटलं, घाईत होतं असं. रीता, मी हे तुझ्या तोंडावर म्हटलं. तू राजीनामा दिलास आणि तुझी खुर्ची मला मिळाली.

या वेळी मी तुझी ओळ होती तशी परत घातली. कापलेल्या बरगड्या दिवसभर मोकळ्या पडून असायच्या आणि डोमा येता-जाता विचारायचा, झोपल्या का उठल्या? पास झाल्यावर मधुकररावांनी सगळ्यांसमोर माझ्या हातात गुच्छ दिला आणि मला राहवलं नाही. सगळी पाळी उभी असताना ओळ कोणाची, काढली कोणी, गप्प कोण बसलं, सगळं सांगितलं. पेढा तोंडात तसाच राहिला लोकांच्या. मधुकरराव एवढंच म्हणाले, "त मंग बलवा त्या पोरीले. तुमचं काय कराचं ते मंग पाहू." माझं जे व्हायचं ते होवो. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर ते माझ्याशी बोलले नाहीत, पण शेजाऱ्यांना मात्र सांगत सुटले की आपला ताणा विमानात गेला.

आता पत्राचं खरं कारण. सोबतच्या पाकिटात तुझ्या नेमणुकीचं पत्र आहे आणि बरगडीचा कागद आहे. चारशे नगांची ऑर्डर आली आहे. कागदावर तयार करणारी म्हणून तुझं नाव छापलंय, सहीची जागा कोरी आहे, आणि त्या सहीशिवाय मधुकरराव एकही ठोकळा मशीनवर चढवू देत नाहीत. १९ तारखेला, सोमवारी ये. मला बोलायचं ते सगळ्यांसमोर बोल, मी ऐकून घेईन. पण आधी सही कर, कारण डोमा हात बांधून बसला आहे आणि म्हणतो, रीता मॅडम आल्याबिगर बटन दाबत नाही.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
रेणू