पायपुसण्यावरचं वचन

पलूस

ती. दाजींस,

सत्यशीलचा प्रभूमध्ये सलाम. अक्काच्या पाठदुखीला उतार पडला का, आपली झोप कशी आहे, आणि निवृत्तीनंतर आपण घेतलेलं छपाईचं मशीन अजून चालू आहे का, ते कळवावं. (बंद पडलं असेल तर दुरुस्तीची घाई नको.) देवाच्या दयेनं आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त आम्हाला घरातून बाहेर पडता येत नाही आणि बाहेरच्यांना आत येता येत नाही. हे फोनवर बोलायची माझी छाती नाही, म्हणून पत्र साताऱ्याच्या गाडीबरोबर पाठवतो आहे.

नाताळात आपण आमच्यासाठी पायपुसणं छापून आणलंत. लाल, जाडजूड, मधोमध क्रूस आणि खाली, देव माणसाचं येणंजाणं सांभाळतो, ते वचन. आपण ते स्वतःच्या हातानं उंबऱ्याबाहेर अंथरलंत, प्रार्थना केलीत, फोटो काढलात आणि गाडीत बसून निघून गेलात. त्या दिवसापासून आमच्या पुढच्या दारानं कोणी गेलं-आलेलं नाही. वचनावर पाय कोण देणार? बरं, ओलांडावं, तर आई म्हणते पवित्र वस्तू ओलांडणं पाय देण्याहून वाईट. उचलावं, तर ते जावयानं अंथरलेलं. आमच्या घरात एकवेळ चर्चला दशमांश द्यायचा राहील, पण जावयाला मान द्यायचा राहणार नाही, आणि इथं देव आणि जावई दोघेही एकाच पायपुसण्यावर येऊन बसलेत. धूळ साचली तरी झटकता येत नाही, कारण देवाच्या शब्दाला काठीनं बडवायचं कसं?

शेजारचे नाथाजी (फौजेतून आलेले, कुणाला न जुमानणारे) दारापर्यंत आले, चपला काढल्या, वाकून पायपुसण्याला हात लावला, कपाळाला लावला आणि परत फिरले. चहाला थांबा म्हटलं तर म्हणाले, "दर्शन झालं गड्या, आता च्या कशाला?" पलीकडच्या घरातल्या सुरय्याभाभी ईदचा शीरखुर्मा घेऊन आल्या, त्या मलाच रागावल्या, "आवं, देवाचं नाव हाय त्येच्यावर, उंचावर ठेवायचं असतंय," आणि डबा खिडकीतून दिला. पुढच्या दाराचा उपभोग आता फक्त आमचं कुत्रं घेतं. दुपारभर क्रुसावर पाय ताणून झोपतं. आईला ते चालतं, मुक्या जिवाला वाचता येत नाही म्हणते. (मला वाचता येतं याचा इतका पश्चात्ताप आजवर झाला नव्हता.)

शेवटी मी पाळकसाहेबांना बोलावलं. त्यांनी अंगणात उभं राहून मोठं प्रवचन दिलं. कापड ते कापड, भक्ती अंतःकरणात असावी, देव वस्तूत अडकत नाही. इतकं सुंदर ते चर्चमध्येही कधी बोललेले नाहीत. मला भरून आलं. म्हटलं, साहेब, या मग आत. साहेब दोन पावलं पुढे आले, खाली पाहिलं आणि मागचं दार कोणत्या अंगाला आहे ते विचारलं.

मागचं दार म्हणजे भांडी घासायची जागा, शेवाळ आणि उंच दगडी पायऱ्या. गेल्या रविवारी, झावळ्यांच्या सणाला, चर्चला निघालेली आई त्या पायऱ्यांवरून घसरली. हाड शाबूत आहे, पण गुडघा सुजलाय. "पुढनं मी जाणार न्हाई आन मागनं मला जाता येत न्हाई," म्हणून ती खाटेवर बसून आहे. दाजी, आजवर तिचा एकही गुड फ्रायडे चुकलेला नाही. वडील गेले त्या वर्षीही ती पहिल्या बाकावर होती. हा शुक्रवार घरात काढावा लागणार म्हणून काल ती भिंतीकडे तोंड करून रडली. तेव्हा मला आपला फार राग आला, तो लिहूनच टाकतो. एखाद्या वस्तूवर देवाचं नाव छापण्याआधी ती डोक्यावर जाणार की पायाखाली, एवढं तरी माणसानं बघावं.

तेव्हा हात जोडून विनंती, शुक्रवारच्या आत या आणि ते पायपुसणं आपल्या हातांनी उचलून भिंतीवर टांगा. खिळा मारून ठेवला आहे.

आपला मेहुणा,
सत्यशील

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच सुरय्याभाभी आमच्या दारासमोर उन्हानं चक्कर येऊन पडल्या. मी आणि एस्तेर, दोघं नवराबायको, सवयीनं मागच्या दाराकडे धावलो. घराला वळसा घालून पोचलो तर आई आमच्या आधी तिथं, भाभींचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजत होती. सुजल्या गुडघ्यानं, अनवाणी, सरळ पुढच्या दारानं गेली होती. तांब्यातलं पाणी हिंदकळून तिचे पाय भिजले होते, आणि बरोबर वचनावर तिच्या ओल्या पावलाचा ठसा होता. भाभी आता बऱ्या आहेत. मी आईला भीतभीत तो ठसा दाखवला. तिनं पाहिला आणि म्हणाली, "मग? येनंजानं सांबाळतो म्हणलंय न्हवं? सांबाळलं की." शुक्रवारी ती पुढच्याच दारानं चर्चला जाणार आहे, भाभी हात धरून नेणार आहेत. आपण येण्याची गरज उरली नाही. खिळ्याला मी छत्री अडकवली आहे.

आणखी एक. आई म्हणते, मागच्या पायऱ्यांवर पाय लय घसरतो, तर जावयाला सांगून तिथंबी एक टाकायला लाव. तिचा निरोप कळवला. माझा निरोप एवढाच की या वेळी कोरं पाठवा. वचन आता घरात सगळ्यांना पाठ झालं आहे.