लखनला कोण रागावणार?

प्रिय सिंधुअक्का,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून हसशील. पण लातुरात आमची एकच खोली आहे गं. मी फोन घेतला की आमचा लखन पुस्तकात डोकं घालून कान माझ्याकडे लावतो. अर्धापूरला केळीचे घड उतरायला आले असतील. यांनी तिथं बाग बघायची, मी इथं मेसचे डबे करून भाडं काढायचं आणि लखननं सातवीपासूनच क्लास लावून डॉक्टर व्हायचं, असं सगळ्या भावकीला सांगून आलो. आता परत कोणत्या तोंडानं यायचं?

ज्या हॉस्टेलवर लखन डबे पोचवतो, तिथलीच चार पोरं त्याच्या वर्गात आहेत. शाळेत त्याला 'ए वाढप्या' म्हणतात. बाकावर बसू देत नाहीत, पाण्याची बाटली संडासात टाकतात. शर्टाची बटणं तुटून यायला लागली तेव्हा मला कळलं. सरांना भेटले, तर म्हणाले, पोरं हायत बाई, चालायचंच, तुमचं लेकरूच लई हळवं हाय. यांना सांगितलं, तर म्हणाले, दोन ठेवून दे म्हणावं. एवढंसं लेकरू, कुणाला ठेवून देणार? आणि डबे बंद केले तर आम्ही राहायचं कशावर?

मग मला मेलीला शहाणपण सुचलं. त्या चौघांच्या डब्यात मी गुपचूप जास्त तूप सोडायला लागले, मधूनच शिरा द्यायला लागले. वाटलं, खाल्ल्या मिठाला जागतील. झालं उलटंच. शिरा नसला की लखनला मार. रोज गॅसपाशी येऊन तो विचारायचा, आई, आज गोड काय केलंस? मला वाटायचं, त्यालाच खावंसं वाटतंय.

या आठवड्यात मात्र तो खुलला. त्या पोरांनी त्याला आपल्यात घेतलंय. मी देवापुढं साखर ठेवली. आणि काल देवणीकडची एक बाई दारात आली, पाचवीतल्या लेकराचा हात धरून. ते बोलताना अडखळतं. लखन त्याला सगळ्यांपुढं नाव सांगायला लावतो आणि नाव पुरं होईस्तोवर त्याचा कान पिळून धरतो म्हणे. बाकीचे हसतात. बाई भांडली नाही. तुमच्या पोराला सांगता का जरा, एवढंच म्हणाली. मी हो म्हणाले.

संध्याकाळी लखन आला, जेवायला बसला. दोन भाकरी खाऊन तिसरी मागितली. किती महिन्यांनी मागितली असेल! अक्का, त्या बाईचं काही न काढता मी ती वाढली. मी रागावले आणि त्यानं ऐकलं, तर ती पोरं उद्या परत त्यालाच धरतील. तो तुझं ऐकतो. तू ये आणि त्याला रागाव. माझ्याच्यानं ते होणार नाही. मला माझं लेकरू हसताना हवंय गं, त्या अडखळणाऱ्या लेकराच्या जिवावर का होईना.

तुझीच,
शीला