तोंडातला मणी

४ फेब्रु., बुधवार
किळस आली. दुसरा शब्द नाही. मॉलमधल्या त्या 'मायन' रेस्टॉरंटचं इंटिरियर आमच्याकडे आलंय, तर क्लायंटला खूश करायला वि.स. (विकी सर, आमचे बॉस) आज पिसांचा टोप घालून ऑफिसभर फिरले. रोज संध्याकाळी एक पुजारी बळी देणार, रक्त म्हणून बिटाचा रस उडणार, लोक जेवता जेवता टाळ्या पिटणार. भिंतीवर ॲझ्टेकांचं सूर्यचक्र. म्हटलं, सर, हे मायांचं नाहीच. "अरे मृणाल, कौन देखता है?"

मी देखती है. महिनाभर वाचतेय मी या लोकांबद्दल.

९ फेब्रु., सोम.
प्रेझेंटेशन. रक्त सोडून काहीतरी दाखवायचंच, असं ठरवून गेले होते. मायांचे शेजारी झापोटेक लोक आपली गेलेली माणसं राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायचे, थडग्याला दार ठेवायचे, पुढे ते उघडून आत जायचे. माया लोक मेलेल्याच्या तोंडात दळलेला मका ठेवत, हिरव्या जेडचा मणी ठेवत. पुढच्या वाटेला उपाशी जायला नको म्हणून.

इथे थांबायला हवं होतं. पण जीभ सैल सुटली. नोव्हेंबरात बाबा गेले तेव्हा मी इथे आखातात, फोनच्या पडद्यावर बघत. भावाने, मंदारने, तुळशीपत्र ठेवलं. आईने गळ्यातली मोहनमाळ तोडली, एक मणी काढला, बाबांच्या तोंडात ठेवला. सगळं सांगून बसले, परक्या माणसांपुढे. क्लायंटने डोळे पुसले. वाटलं, पोचलं यांना.

११ फेब्रु.
पोचलं ते असं. नवीन डेझर्ट. मेलेल्या राजाचा चिनी मातीचा मुखवटा, तोंड उघडं, आत चॉकलेट, त्यात खायचा एक मणी. गिऱ्हाइकाने दोन बोटं घालून मणी उपसायचा, फोटो काढायचा, खायचा. मणी आधी हिरवा होता. वि.स.नी सोनेरी केला.

"जेड फोटोत डल दिखता है. और गोल्ड तो तेरा ही आयडिया है, युवर फादर्स स्टोरी. क्लायंट वॉज इन टिअर्स, हबीबी!"

झापोटेकांच्या दारांचंही केलंच आहे. जमिनीत काच, खाली दिवे लावलेला सांगाडा.

यांची किळस येते, त्याहून जास्त माझी. माझं असतं तरी एक वेळ ठीक. हे आईचं होतं.

रात्री सईला सांगितलं. तेरा वर्षांची आहे, मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स जस्ट डेझर्ट." भांडी आवरून आले तर मोबाइल बाजूला ठेवून बसलेली. "डझ आजी नो?"
नाही.

१६ फेब्रु., सोम.
सॅम्पलवर सही करायला रास अल खैमाला. दळवीचाचांचं वर्कशॉप. मूळ रत्नागिरीचे, आयुष्य मातीत गेलंय. दोन-तीन दिवसांत रोजे सुरू होतील, त्याच्या आत भट्टी लावायची घाई. मुखवटा सुंदर केलाय. डोळे मिटलेले, गाल जरा बसलेले. बाबांचे शेवटी तसेच होते. मी बघायचं टाळत होते.

"ताई, एक विचारू? ह्या तोंडात काय ठेवायचं?"
सांगितलं. मणी कुठून आला, तेही सांगितलं. चाचांनी हात पुसले.
"आम्ही हजहून आणलेलं झमझमचं पाणी सोडतो तोंडात, जाणाऱ्याच्या. आमच्या अब्बांना मीच सोडलं. असं तोंडातलं कोण काढून खाईल काय?" मग म्हणाले, "मी तोंड मिटून देतो. पण कागदावर सही तुमची लागेल. माझ्या मनाने केलं तर ऑर्डर जाईल माझी."

म्हणजे त्यांचं काही जाणार नाही. माझी नोकरी जाईल. नोकरीवर व्हिसा, व्हिसावर सईची शाळा.
उद्या कळवते म्हटलं.

१७ फेब्रु.
चाचांनी दोन फोटो पाठवले. एक उघडा, एक मिटलेला. खाली, "बोला ताई."
दुपारी एकदा वि.स.च्या दारापर्यंत गेले. आत ते कुणाला तरी फोनवर 'डेड डॅड डेझर्ट' म्हणून हसत होते.
परत येऊन मिटलेल्यावर सही केली. पाठवली. किळस जरा कमी झाली.

२६ फेब्रु., गुरु.
खोकी आली. सहा डझन. वि.स.नी पहिलं स्वतः उघडलं, मुखवटा हातात घेतला, ओठांवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.
"मुँह किधर है?"
"बंद आहे," म्हटलं. मराठीतच निघालं.
"व्हॉट डू यू मीन, बंद? किसने अप्रूव्ह किया?"
"मैंने."

क्लायंटला फोन लावून केबिनमध्ये गेले. काचेतून दिसताहेत, एक हात कमरेवर. अर्धा तास झाला. मला थांबायला सांगितलंय. खोक्यातून काढलेला मुखवटा माझ्याच टेबलावर ठेवून गेलेत.

बसल्या बसल्या आईला फोन केला. उगाच. काय करतेस, तर मोहनमाळ ओवून आणली म्हणाली सोनाराकडून. सोनार म्हणत होता, एक मणी नवीन घालून देतो.
"नको म्हटलं. एक कमीच राहू दे. तुझ्या बाबांकडे आहे तो."
हो म्हटलं.
तिला अजून सांगितलेलं नाही.