सरोवराचा सिनेमा आणि माझा माईक

३ जुलै

मिळाला! माईक मिळाला! तीन संध्याकाळींपुरताच, पण मिळाला!

झालं असं की, कंपालाहून अतिम मॅडम आल्यात एक माहितीपट घेऊन. आपलं सरोवर, बदलतं हवामान, माणसांनी लावलेली वाट – असलं सगळं आहे त्यात. फुकट दाखवायचाय. सगळं इंग्रजीत, म्हणजे पडद्याशेजारी बसून लुगांडात सांगायला व्हीजे हवाच. मामांचा आवाज असता तर प्रश्नच नव्हता. माझे मामा, व्हीजे बिसासो, म्हणजे आमच्या धक्क्याची शान. पण घसा गेला त्यांचा, डॉक्टरांनी मौन लावलंय. दुसऱ्या धक्क्यावरच्या व्हीजेला विचारलं तर म्हणे, "मासे? मासे आम्ही रोज बघतो. मारामारी असेल तर बोलवा."

मी चपात्यांचा तवा तसाच सोडला आणि सालोंगोसमोर जाऊन रीतीप्रमाणे गुडघ्यावर बसले. जुळ्यांचा बाप म्हणून त्याला सगळे सालोंगोच म्हणतात. सिनेमाचा हॉल त्याचा, शब्दही त्याचा. म्हणाला, "बाईचा आवाज? व्हिलन बोलायला लागला की लोक हसतील, पोरी."

मी म्हटलं, यात व्हिलन नाहीच!

दात कोरत विचार केला त्याने. मग म्हणाला, "तिन्ही संध्याकाळी हॉल भरून दाखव. माईक कायमचा तुझा. नाहीतर आयुष्यभर चपात्या."

अरे, भरवतेच!

५ जुलै

मॅडमच्या छोट्या कॉम्प्युटरवर सिनेमा बघितला. सुंदर आहे. वेळीअवेळी पडणारा पाऊस, चढत जाणारं पाणी, काठावरचं जाळलेलं लव्हाळं. आणि मांबा! त्या लव्हाळ्यात चिखलात राहणारा, वर येऊन हवा घेणारा, सापासारखा लांबडा मासा. आमच्या धक्क्यावरची निम्मी घरं मांबा कुळातली. मांबा त्यांचं देवक, म्हणून ते त्याला खात नाहीत, हात लावत नाहीत. सालोंगो, पहाटे मासेमारी आणि रात्री हॉल, तर त्यांच्यातला कट्टर. कुणाच्या चुलीवर मांबा शिजला तर वास येईल म्हणून रस्ता बदलतो.

मॅडमनी भाषांतराचे कागद दिले. "शब्दाला शब्द हं, झाल्वांगो. वैज्ञानिकांनी तपासलंय." गोड बाई आहे. माझ्या हातची अंडं घातलेली चपाती दोनदा मागून खाल्ली!

६ जुलै

पार आपटले.

शब्दाला शब्द वाचलं. "सरासरी तापमानात एक अंश वाढ." मागून आवाज – "हा अंश कोणाच्या घरचा गं?" लोक हसले, आणि मग उठायलाच लागले. बाहेर रेडिओवर फुटबॉल. शेवटी हॉलमध्ये मी, मॅडम, मामा आणि गाढ झोपलेला एक न्हावी.

सालोंगो दाराशी उभा. "जाऊ दे, आजची धरत नाही. पण उद्या आणि परवा भरला पाहिजे."

मामांनी मौन मोडलं. मी नको नको म्हणत असताना कानाशी आले नि कुजबुजले, "तू वाचतेस, बाई. सांगत नाहीस."

७ जुलै

काय झालं आज! कुठून सुरू करू?

कागद गुंडाळून खुर्चीखाली टाकले. मॅडमकडे बघितलंच नाही. पहिल्या ढगाला म्हटलं, "हा बघा पाऊस. दारुडा जावई! बोलावलं की येत नाही, आणि कणसं वाळत घातली की दारात हजर!" हॉल फुटला. मग गाडी सुटली. सरोवराला ताप आलाय म्हटलं. ताप कोणी आणला? धूर ओकणारी दूरदेशची शहरं आली, त्यांना झाडून शिव्या घातल्या. आमची कोळशाची भट्टी आली, तिलाही घातल्या. बाहेर फुटबॉल ऐकणारे खिडकीला लोंबकळायला लागले!

मग मांबा आला. मी म्हटलं, "अरे, बसा नीट! आजोबा आले!" मांबाकुळवाले खरंच सावरून बसले. म्हातारा काग्वा सायकल दुरुस्तीवाला, त्याने तर टोपी काढली.

आजोबांनी लव्हाळ्याच्या मुळाशी खड्डा केलाय. आजी अंडी घालून निघून गेली. आणि हा एकटा राखण करत बसलाय पिल्लांची. हलत नाही, कोणी आलं की अंगावर जातो. माझा आवाज आपोआप खाली आला. "बाप आहे हा. बघा, बाप कसा असतो." 

आणि मग पडद्यावर जाळं आलं. बारीक आसाचं, म्हणजे भोकं इतकी लहान की पिल्लूही सुटत नाही, म्हणून बंदी असलेलं. लव्हाळ्यासकट, खड्ड्यासकट सगळं खरवडत गेलं. ओढणारा माणूस पाठमोरा. कॉम्प्युटरवर इवलासा दिसला होता, मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसला. पिवळा शर्ट, पाठीवर गुलाबी फुलांचं ठिगळ.

ते ठिगळ धक्क्यावर कोणाला माहीत नाही? नालोंगोने, म्हणजे जुळ्यांच्या आईने, स्वतःच्या जुन्या झग्याचं लावलंय – आमच्या सालोंगोच्या शर्टाला!

मग जो कल्ला! "नाव घे! व्हीजे, नाव घे!" व्हीजेने पडद्यावरच्या प्रत्येकाला नाव द्यायचंच, तशी रीतच आहे. मी "नाव त्याच्या पाठीला विचारा!" म्हणून सटकले. हसून हसून लोकांची पुरेवाट.

सालोंगो हॉलच्या मागे जनरेटरला डिझेल पाजत होता. आत येऊन विचारतो, "एवढं काय हसत होते गं?"

म्हटलं, "मासे फार विनोदी आहेत, सालोंगो."

हॉल मात्र भरला! खचाखच!

८ जुलै, दुपार

चैन पडत नाही. धक्काभर झालंय. एकट्या सालोंगोला सोडून सगळ्यांना ठाऊक. नालोंगोही काल मागच्या बाकावर होती म्हणे, ठिगळ बघून हसता हसता खाली पडली. आज माझ्याकडे येऊन बसली, मटोकेची, म्हणजे उकडायची हिरवी केळी सोलायला घेतली.

"नाव घेतलंस तर माईक गेला हो तुझा. माझा नवरा मी ओळखते."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर उद्या पहाटे पुन्हा जाईल तो लव्हाळ्यात, बारकी मासळी ओढायला. मी सांगून थकले. माझं कोण ऐकतंय?"

मॅडम म्हणाल्या, "हवं तर तेवढा तुकडा गाळू. तुझं नुकसान नको." मी नाही म्हटलं. तोच गाळला तर उरलं काय? पण मला तो माईक हवाय. इतका हवाय की लाज वाटते.

८ जुलै, रात्री जेवल्यावर

सालोंगो आज आत आला. पुढच्या बाकावर, दोन्ही जुळ्यांना दोन बाजूंना घेऊन. माझी पाचावर धारण!

पाऊस झाला, ताप झाला, हशा झाला. आजोबा आले तसा सालोंगो सरळ बसला. पिल्लांची राखण बघताना त्याचं तोंड उघडंच राहिलं. शेजारच्याला म्हणाला, "बघ, आमच्या कुळाचा बाप!" केवढा अभिमान आवाजात!

मग जाळं. मग ठिगळ.

 आज "नाव घे" असं कोणी ओरडलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मामासुद्धा.

माईक तोंडाशी होता. रोज सकाळी ज्याच्यापुढे गुडघे टेकून नमस्कार करते, त्याचं खरं नाव मी घेतलं. टर नाही उडवली. लग्नाच्या बैठकीत पाहुण्याची ओळख करून देतात तशी करून दिली – "हे मुबिरू. जुळ्यांचे बाप. किझा कोळ्याचे चिरंजीव. मांबा कुळातले."

तेवढंच. पुढे पडद्यावर चिखलात पिल्लं तडफडत होती, त्यावर मी काहीच बोलले नाही.

सालोंगो उठला. पोरांचे हात धरले आणि निघून गेला.

बाकीचा सिनेमा मी शेवटपर्यंत सांगितला. आवाज कुठेही फाटला नाही. संपल्यावर लोकांनी पत्र्याच्या भिंती बडवल्या, काग्वाने माझा हात डोक्याला लावला. मॅडम रडत होत्या नि हसतही होत्या. मामांनी नुसता अंगठा वर केला – मामांनी! माईक गेला, ठाऊक आहे मला. तरी इतका आनंद झालाय की झोप येणार नाही. मी सांगितलं. वाचलं नाही, सांगितलं!

९ जुलै

कणीक मळली. सत्तर जणांनी विचारलं, "व्हीजे, आज काय आहे?" म्हटलं, चपात्या आहेत!

हॉल बंद. दाराला कुलूप.

नालोंगो येऊन सांगून गेली. जेवला नाही म्हणे. एकच विचारत होता, "तो बाप खड्ड्यात बसून राखण करतो, हे खरं का गं?" तिने हो म्हटलं. मग म्हणाला, "आम्ही त्याला हात लावत नाही, त्याच्याकडे बघत नाही. तो पोरं कशी वाढवतो, हे मला कोणी सांगितलंच नाही. बापानेही नाही."

मला वाईट वाटलं त्याचं. खरंच वाटलं.

१० जुलै

कुलूप तसंच. सालोंगो पहाटेच होडी घेऊन कुठेतरी गेला. लव्हाळ्याकडे नाही, म्हणाले लोक – बेटांकडे.

११ जुलै

तवा तापत होता. सालोंगो समोर येऊन उभा. मी गुडघे टेकायला गेले तर म्हणाला, "राहू दे, पीठ लागेल." माईक माझ्या पिठाच्या परातीशेजारी ठेवला. "संध्याकाळी तोच सिनेमा लाव. बेटाबेटांवर जाऊन सगळ्या कुळाला बोलावून आलोय. येताना आपापली बारीक जाळी घेऊन या म्हटलंय, हॉलसमोर जाळायची आहेत. माझं मी पहिलं टाकणार." जायला वळला, पुन्हा मागे आला. "आणि माझं नाव घेशील ना, तिथे आवाज जरा मोठा ठेव."