कॉम्प्युटरला शह म्हणायची रीत नाही

३ नोव्हेंबर
वडाळे तलावावरच्या आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्याची खारघरशी बुद्धिबळाची मॅच ठरली. पहिला पट, म्हणजे सर्वांत तगड्या खेळाडूचा, कायम माझा असतो. आज कट्ट्यावरच्याच कमळाकरला शिंगं फुटली. म्हणे, टॅबवरच्या कॉम्प्युटरशी घड्याळ लावून खेळू, प्रत्येकी दहा मिनिटं. जो जास्त चाली टिकेल, त्याला पहिला पट. मी हसलो. शिक्षण सातवी, पण जन्म भातगिरणीत गेला. मशीनला घाबरत नाही. उद्यापासून सराव.

४ नोव्हेंबर
सराव नाही. छातीत धडधड. गॅस असावा.

६ नोव्हेंबर, सकाळी
सूनबाईने, चारुताने, टॅब लावून दिला. कॉम्प्युटर अत्यंत असंस्कृत. पहिल्याच चालीत प्यादं दोन घरं! अधाशी. शह देतो, पण तोंडाने ‘शह’ म्हणत नाही. मी राजाला घोड्यासारखी अडीच घरं चालवायला गेलो. डावात एकदा हा राजाचा हक्क असतो, वडिलांनी शिकवलंय. टॅब हलूच देईना. चारुता म्हणाली, बाबा, ते देशी नियम, आता कोणी खेळत नाही. कॉम्प्युटर काय विलायतेत जन्मला?

७ नोव्हेंबर
चार डाव हरलो. पाचव्यात चार्जिंग संपलं. त्याने मैदान सोडलं, सबब विजय माझा.

१० नोव्हेंबर
चारुता म्हणते, ही सर्वांत सोपी लेव्हल आहे, पहिलीतली मुलं खेळतात. तरीच. मुलांना हरवून हरवून माज चढलाय.
घड्याळाचा नाद तर फारच वाईट. ताट वाढायचं आणि ‘गिळा लवकर’ म्हणायचं, तसलं. चहापुरतं घड्याळ थांबवावं, असं कट्ट्यावर सुचवलं. कमळाकर म्हणाला, अण्णा, तुमी खेळाला येता का चहाला? सगळे फिदीफिदी हसले. राजाच्या अडीच घरांचं काढलं, तर म्हणे, राजा हाय तो, घोडा नाय.
उद्यापासून रोज दहा डाव.

१३ नोव्हेंबर
डोळे चुरचुरतात. जास्त सरावाने खेळ बिघडतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
कमळाकर आधी खेळला. वीस चालींत मात खाल्ली. वर टॅबला नमस्कार केला! लाचार.
मग मी. सहाव्या चालीला उंट मुद्दाम मारात ठेवला. सापळा. आणि काय आश्चर्य, कॉम्प्युटर गप्प! एरवी पापणी लवायच्या आत चाल करणारा, आज हँग. मी मागे टेकलो. चहा मागवला. त्याला म्हटलं, सावकाश विचार कर, मी तुझ्यासारखा उतावळा नाही. कट्ट्याला खिलाडूवृत्तीवर चार शब्द सांगितले. कमळाकर मध्येच म्हणाला, अण्णा, अवो... मी तोंडावर बोट ठेवलं. चालू डावात बाहेरच्याने बोलू नये, एवढी तरी शिस्त हवी.
टॅब वाजला. वेळ संपली. माझी.
त्या लबाडाने चाल केव्हाच केली होती. कोपऱ्यातलं प्यादं, तेही एकच घर. उंटाकडे बघितलंसुद्धा नाही. चाल झाली की सांगावं, ही साधी माणुसकी नाही.

१८ नोव्हेंबर
पहिला पट कमळाकरला. मला राखीव खेळाडू केलं. योग्यच आहे. मोठं हत्यार शेवटी काढतात. अंतर्यामी कट्ट्याला कळतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज खारघरला मॅच. इस्त्रीचा शर्ट घालून पहाटेपासून नाक्यावर उभा. गाडी आली. कमळाकरने काच खाली केली. म्हणाला, अण्णा, तुमी राखीव ना? मग इथंच ऱ्हावा. मागच्या सीटवर एक जागा स्पष्ट दिसत होती. तिथे पट आणि घड्याळांची पेटी बसवली होती, बेल्ट लावून.