वहिनीच्या वाटची भीती

९ जानेवारी

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

फोनच करणार होतो, पण फोनवर तू माझ्याशीसुद्धा वॉर्डातल्या पेशंटशी बोलतेस तशी बोलतेस, म्हणून पत्र. घरी सगळं ठीक, म्हणजे आमच्या घरात जेवढं ठीक असतं तेवढं. परवा कामावरून परतलो तर कोपऱ्यावर पंधरावीस माणसं माना वर करून उभी. मीही वर बघितलं. चौथ्या मजल्यावर, आमच्याच खिडकीबाहेरच्या वीतभर कठड्यावर तुझी वहिनी उभी, आणि मजेत बाहेरून काच पुसतेय! जिना कसा चढलो, मला आठवत नाही. आत ओढून घेतलं तर मलाच विचारते, एवढे घामाघूम का झालात, लिफ्ट बंद आहे का म्हणून.

तुला काय नव्याने सांगायचं? लहानपणी तिच्या मेंदूतली ती बदामाएवढी जागा चुन्यासारखी कडक झाली, आवाज घोगरा झाला, पापण्यांच्या कडेला मण्यांसारखे दाणे आले, आणि भीती तिच्यातून गेली ती गेलीच. लाखांत एखाद्याला होणारा आजार, तो नेमका माझ्या बायकोला. गेल्या वर्षी चोर शिरला तेव्हा तिने त्याचा चाकू हातात घेऊन बघितला आणि आमचा बोथट झालाय म्हणाली. तुम्ही पोट धरून हसलात. मीही हसलो, पण तेव्हापासून घराची किल्ली फिरवण्याआधी मी दाराला कान लावतो.

आणि आता खरं सांगतो, हसू नकोस. मी लिफ्टचा मेकॅनिक. सगळी हयात अंधाऱ्या खड्ड्यात, दोरांच्या खाली काम करण्यात गेली. बाकीच्यांच्या बायका डबा देताना जपून राहा म्हणतात. हिने कधी म्हटलं नाही. तिची माया नाही असं नाही ग, पण माझ्यासाठी तिचा जीव कधी खालीवर झाला नाही. तुझ्या हॉस्पिटलात ते मेंदूत तार बसवण्याचं संशोधन चाललंय ना? त्यात तिची वर्णी लागते का बघ.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा लोभ आहे, तो असाच गृहीत धरत जा.

तुझा दादा

---

२१ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी घाम फुटला, मग लिफ्टचं वाक्य वाचून हसले, माफ कर. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. केसाएवढी बारीक तार त्या कडक झालेल्या जागेच्या शेजारी नेऊन ठेवतात, आणि छातीच्या कातडीखाली काडेपेटीएवढी डबी. डबी तारेला हलके झटके देत राहते. बाहेरून ती कमीजास्त करता येते, बंदही करता येते. आजवर फक्त एकाला बसवली आहे, एका ट्रक ड्रायव्हरला. गेल्या आठवड्यात तो झुरळ बघून पलंगावर चढला आणि अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मग तो ओक्साबोक्शी रडला.

पण दादा, हा प्रयोग आहे. मेंदूची शस्त्रक्रिया आहे. आणि तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त वहिनीला काय वाटतं ते नाही. तिला विचारलंस का? सही तिची लागेल, तुझी नाही.

तब्येतीला जप. तू म्हणाला होतास ना, कुणी म्हणत नाही म्हणून? घे, मी म्हटलं. लोभ पाठवते, पोच दे.

ठकी

---

१४ मार्च

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तू ऑपरेशनच्या वेळी जे केलंस त्याचे उपकार पत्रात मावायचे नाहीत. तिला विचारलं होतं बरं का! तुम्ही सगळे ज्याच्याबद्दल एवढं बोलता ते एकदा बघू तरी, असं म्हणून तिने सही ठोकली होती.

ठकी, मी वेडा व्हायचा बाकी आहे. रस्ता ओलांडताना तिने माझा हात धरला! चांगला घट्ट, नखं रुतेपर्यंत. परवा वर्कशॉपवर तिचा तीनदा फोन आला, उतरलात का, चढलात का, दोर बघितलात का. पोरं मला चिडवतात, साहेब, तुमचा इन्स्पेक्टर आलाय फोनवर. चिडवू देत. मी मिशीतल्या मिशीत हसतो. डबा देताना जपून राहा म्हणाली, तेव्हा अर्ध्या जिन्यातून परत वर गेलो आणि तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

एकच भानगड आहे. पॅसेजमधून ती जायला तयार नाही. तुला आठवतं, तिथून जाताना ती नेहमी खांदा वळवून, अंग चोरून जायची? मला वाटायचं, कपाटाचा कोपरा लागू नये म्हणून. परवा लक्षात आलं की कपाट विकून चार वर्षं झाली. ती मात्र अजून तशीच जात होती, कुणाला तरी वाट दिल्यासारखी. मी विचारलं तर म्हणाली, तिथे तो उभा असतो ना. कोण तो? तर म्हणाली, भिंतीकडे तोंड करून उभा असतो तो. पहिल्यापासूनच आहे. आणि मग माझ्याकडे बघून तिने विचारलं की तुम्हाला इतकी वर्षं त्याची भीती कशी नाही वाटली.

अंगावर काटा आला ग. पण मी ठरवलंय, नवीन नवीन आहे, होईल सवय. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव. लोभ दुपटीने घे, सध्या घरात भरपूर आहे.

दादा

---

२२ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना विचारलं. त्यांना फारसं नवल वाटलं नाही. म्हणाल्या, मेंदूच्या त्या भागाजवळ झटका गेला की काहींना खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं. भीती आधी येते आणि मन तिच्यासाठी माणूस उभा करतं. झटका कमी करून बघू म्हणाल्या. मला पटलं.

तरी कपाटाची गोष्ट मी त्यांना सांगितली. तार तर आत्ता बसवली, अंग चोरून ती केव्हापासून जातेय. त्यावर त्यांनी कपाट कधी विकलं ते टिपून घेतलं आणि जुनी सवय असेल म्हणाल्या. तू वहिनीला घेऊन येच. आणि तिथे उगाच काही प्रयोग करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. माया आहेच, म्हणून दटावते.

ठकी

---

११ एप्रिल

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच प्रयोग करून बसलो होतो. आमच्या धंद्यात लिफ्ट दुरुस्त झाली की लोक आत पाय ठेवत नाहीत. मग मी स्वतः आत उभा राहतो आणि दणादण उड्या मारतो, की हसत हसत सगळे चढतात. तेच इथे केलं. तिला स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, पॅसेजमधल्या त्या जागेवर जाऊन उभा राहिलो, आणि म्हटलं, बघ, इथे कुणी नाही. दोन उड्याही मारल्या.

तिने जी किंकाळी फोडली ती शेजारपाजारापर्यंत गेली. तोंडावर पदर घेऊन खाली बसली. तासाभराने बोलली. म्हणाली, तुम्ही त्याला धक्का मारलात. तो वळला. आजवर भिंतीकडे बघत होता, आता तुमच्याकडे बघतोय.

तेव्हापासून ती माझ्या मागेमागे असते. मी पॅसेजकडे निघालो की शर्ट धरते. स्वयंपाकघरात दिवा लावून बसते, वजन उतरलंय, हात इतके थरथरतात की कप बशीत वाजतो. डबी बंद करा म्हणतेय. मी पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणतो, आणि पुढचा आठवडा आला की काम काढतो.

शिव्या दे, पण ऐक. तिथे कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्या डोळ्यांतलं पाणी मात्र खरं आहे, आणि ते माझ्यासाठी आहे. मी दारात दिसलो की तिचा जीव भांड्यात पडतो, तो मला दिसतो ठकी! लग्नानंतर इतक्या वर्षांनी. ते बंद कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. स्वार्थी म्हण हवं तर.

लोभ कमी करू नकोस एवढंच म्हणतो.

दादा

---

१९ एप्रिल

दादा,
सा. न. वि. वि.

म्हणतेच, स्वार्थी आहेस! काल दुपारी वहिनी एकटी बसने इथे आली. ज्या बाईला रस्ता ओलांडायची भीती वाटते ती स्टँडवरच्या गर्दीत बस पकडून आली. माझ्या हाताला धरून वॉर्डाच्या बाकावर बसली तेव्हा दात वाजत होते तिचे. तिला त्या अवस्थेत बघून तुझा राग आला, आणि स्वतःचाही, तुमच्या संसारात ही तार मीच आणून दिली म्हणून.

मी तिला सांगितलं की झटका नुसता कमी करू, थोडी भीती राहील, दादाला तेवढंच बरं वाटेल. ती नको म्हणाली. म्हणाली, वन्सं, भीती वाटली की माझे डोळे मिटतात. तो काय करतो ते दिसत नाही. यांच्यावर लक्ष ठेवायचं तर डोळे उघडे हवेत.

बाईंनी डबी बंद केली. दहा मिनिटांत तिचे हात थांबले. चहा मागितला, बिस्किट मोडलं, खिडकीबाहेर बघत खुशाल खाल्लं. आज संध्याकाळी घरी पोचेल. रुसू नकोस तिच्यावर. तुझ्यासाठीच केलंय तिने, हे तुझ्या डोक्यात शिरेल तेव्हा शिरेल. रागावले तरी तुझीच आहे.

ठकी

---

६ मे

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

रुसलो नाही. थोडासा रुसलो. काल एका इमारतीत दोर अडकला, घरी पोचायला फार उशीर झाला. जिना चढताना मनाशी म्हणत होतो, दारात उभी असेल. ती जेवून भांडी घासत होती. ताट झाकून ठेवलंय म्हणाली, बस्स. पहिल्यासारखं सगळं. पॅसेजमधून शिट्टी वाजवत जाते. हो, अंग न चोरता, सरळ. मी म्हटलं, गेला वाटतं तुझा पाहुणा? तर तिथे नाही तो आता, एवढंच म्हणाली. म्हणजे बाईंचं खरं होतं, तारेचाच खेळ होता. सुटलो एकदाचे.

फक्त एक नवीन खोड लागलीय. मी जेवताना समोर बसून माझ्याकडे बघत नाही, माझ्या खांद्यावरून मागे बघते. टक लावून. विचारलं तर काही नाही म्हणते.

येत्या शुक्रवारी जुन्या कचेरीच्या लिफ्टचं मोठं काम आहे, सगळे दोर बदलायचे. ते उरकलं की दोघं तुझ्याकडे येऊ. तेवढाच तुझा लोभ ताजा मिळेल.

दादा

---

बुधवार, दुपारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुम्ही बऱ्या असाल. इकडे ऊन कडक आहे. खिडक्या पुसून झाल्या, आतूनच पुसल्या, तुमच्या दादांना वचन दिलंय. ट्रक ड्रायव्हरला माझा नमस्कार सांगा.

आज तुम्हाला फोन केला होता. तुम्ही ऑपरेशनच्या खोलीत होतात. निरोप घेणाऱ्या मुलीला सगळं सांगितलं, ती हो हो म्हणाली आणि मग म्हणाली की आवाजावरून काही घाईचं दिसत नाही, पत्र टाका. म्हणून लिहिते. तुमच्याकडच्या बसचा ड्रायव्हर ओळखीचा झालाय, त्याच्या हाती देते. संध्याकाळी तुम्हाला मिळेल.

तो पॅसेजमध्ये नाही आता. यांच्या मागे असतो. आधी दोन हात अंतर ठेवून होता. मी मध्ये बसून बघितलं, खुर्ची हलवून बघितली, सरक म्हणून सांगितलंही. ऐकत नाही. आज सकाळी हे हत्यारांचा पट्टा बांधत होते तेव्हा त्याने यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात त्यांच्या खुर्चीमागे तो असाच उभा होता, असेच हात ठेवून. तेव्हा मी कुणाला बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. तार होती त्या दिवसांत मला कळलं की ते बोलायचं असतं. ते कळलेलं मी विसरले नाही. वाटत काही नाही, पण पाठ करून ठेवलंय.

यांना सांगितलं, शुक्रवारी जाऊ नका. हे हसले. म्हणाले, तू भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं सांगतेस, कोण ऐकेल? मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं, तरी हसले. रडायचा प्रयत्न केला, पण आरशात बघितलं तर तो जमला नव्हता. हात थरथरवून बघितले, तर यांनी विचारलं गारठा वाटतोय का. तुमच्या दादांना घाबरलेल्या माणसाचंच पटतं, वन्सं. मी घाबरले होते तेव्हा त्यांनी माझा शब्द खाली पडू दिला नाही, फक्त डबी बंद करा, हा एक सोडून.

डबी पुन्हा सुरू करावी असंही मनात आलं. पण त्यासाठी यांना सोडून तुमच्याकडे यावं लागेल, आणि माझे डोळे मिटले तर मग बघणारं कुणीच नाही. म्हणून मी बघते, आणि घाबरायचं काम तुमच्याकडे देते. तुम्हाला ते चांगलं येतं, मी वॉर्डात बघितलंय, तुमचा चेहरा पांढरा होतो आणि आवाज फाटतो. तसंच हवं. सुट्टी मिळो न मिळो, गुरुवारच्या गाडीने या. दारातूनच ओरडा, रडा, त्यांच्या पायांना मिठी मारा, पट्टा लपवा. मला यातलं काहीच नीट येत नाही.

हे माझं माणूस आहे. हे गेले तर मी दुसऱ्या दिवशी उठेन, चहा करीन, आणि मला भीती वाटणार नाही. ते तसं होईल हे मला आत्ता माहीत आहे, आणि ते होऊ नये असं मला फार वाटतं.

हे आज दुपारीच कामावरून परतले, पत्र लिहिताना समोर वर्तमानपत्र वाचत बसलेत. तो वाकून यांच्याबरोबर वाचतोय.

लोभ तुमचा आहेच. आज जरा भीतीही असू द्या.

आपली,
वहिनी